समजून घ्या : तार दुप्पट लांब केली की उष्णता निम्मी होते का? अणूंच्या रांगेत २०० वर्षं जुना नियम का डळमळतो

मोबाइलवर तासभर गेम खेळला किंवा उन्हात उभं राहून व्हिडिओ शूट केला की फोन तापतो. थोड्या वेळाने स्क्रीन मंद होते, गेम अडखळायला लागतो. फोन बिघडलेला नसतो. आतल्या चिपमधली उष्णता पुरेशा वेगाने बाहेर पडत नाही, म्हणून फोन स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो.

उष्णता बाहेर काढायची म्हणजे ती कुठल्या तरी पदार्थातून वाहून न्यायची. हे वहन कसं होतं याचा नियम २०० वर्षांपूर्वीच सापडला आहे आणि तव्यापासून बॉयलरपर्यंत तो चोख चालतो. पण पदार्थ बारीक करत करत अणूंच्या एका रांगेपर्यंत नेला, आणि त्या रांगेत थोडी अव्यवस्था असली, तर हा नियम लागू पडेलच असं नाही. असं का होतं आणि त्याने काय बिघडतं किंवा साधतं, ते समजून घेऊ.

हा विषय आत्ता महत्त्वाचा का?

पहिलं कारण चिपच्या रचनेत आहे. सॅमसंगने जून २०२२ मध्ये ३ नॅनोमीटर पिढीच्या चिपचं उत्पादन सुरू केलं. या चिपमधल्या ट्रान्झिस्टरमध्ये वीज ज्या वाटेने वाहते ती सिलिकॉनची वाट काही नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्यांची असते आणि तिला चारही बाजूंनी दुसऱ्या पदार्थांनी वेढलेलं असतं. तैवानच्या टीएसएमसीनेही २ नॅनोमीटरच्या पिढीसाठी हाच मार्ग धरला. (३ आणि २ नॅनोमीटर ही पिढ्यांची नावं आहेत, चिपमधल्या एखाद्या भागाचं थेट माप नव्हे.) विजेवर नियंत्रण ठेवायला ही रचना उत्तम आहे. पण उष्णतेला बाहेर पडायला वाट अरुंद उरते.

दुसरं कारण विजेचं बिल. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या हा साधारण दीड टक्का. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाढत्या वापरामुळे २०३० पर्यंत हा आकडा ९४५ टेरावॅट-तासांपर्यंत जाईल, असा संस्थेचा अंदाज आहे. सर्व्हरमध्ये गेलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती काढून टाकायला आणखी वीज आणि अनेक ठिकाणी पाणीही लागतं. मुंबई आणि नवी मुंबई हा देशातला डेटा सेंटरचा सर्वांत मोठा पट्टा असल्याने महाराष्ट्रासाठी हा दूरचा प्रश्न नाही.

जुना नियम नेमका काय सांगतो?

फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतेवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्यातला नियम सोपा आहे. सळईचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं, तर उष्णतेचा प्रवाह तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि सळईच्या लांबीच्या प्रमाणात घटतो. सळई दुप्पट लांब केली की प्रवाह निम्मा होतो.

या हिशेबात पदार्थाचा एक आकडा येतो, तो म्हणजे उष्णतावाहकता. ती 'वॅट प्रति मीटर-केल्विन' या एककात मोजतात. पुढचे सगळे आकडे याच एककातले आहेत. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, लोखंडाची सुमारे ८०, सिलिकॉनची सुमारे १५०, तर साध्या प्लास्टिकची एकाहून कमी. म्हणून कढई धातूची असते आणि तिची मूठ प्लास्टिकची किंवा लाकडाची.

यात एक गृहीतक दडलेलं आहे. तांब्याची वाहकता सुमारे ४०० म्हणजे तुकडा बोटभर असो की हातभर, आकडा तोच. फूरिएच्या जगात वाहकता हा पदार्थाचा अंगभूत गुण आहे. अणूंच्या रांगेत हेच गृहीतक कोसळतं.

पदार्थातून उष्णता वाहून कोण नेतं?

धातूंमध्ये हे काम मुख्यतः इलेक्ट्रॉन करतात. सिलिकॉन, हिरा, प्लास्टिक यांसारख्या पदार्थांत ते अणूंच्या थरथरण्यातून होतं. स्प्रिंगने एकमेकींना जोडलेल्या गोट्यांची रांग डोळ्यांसमोर आणा. एका टोकाची गोटी हलवली की शेजारची हलते, मग तिच्या शेजारची. अशी लहर पुढे जाते. पदार्थातल्या उष्णतेच्या या लहरींच्या पुड्यांना भौतिकशास्त्रात 'फोनॉन' म्हणतात.

या लहरी वेगवेगळ्या लांबीच्या असतात. काही फक्त दोन-चार अणूंएवढ्या आखूड, काही हजारो अणूंवर पसरलेल्या लांब. गरम पदार्थात त्या सगळ्या एकाच वेळी चालू असतात. नेहमीच्या ठोकळ्यात त्या एकमेकींवर आदळतात, दिशा बदलतात, गर्दीत चाचपडत पुढे सरकतात. फूरिएचा नियम याच चाचपडण्यातून येतो. लांब तुकडा म्हणजे जास्त धक्के, म्हणजे कमी उष्णता.

एका रांगेत काय वेगळं घडतं?

आधी आदर्श रांग घेऊ. सगळ्या गोट्या एकाच वजनाच्या आणि स्प्रिंग अगदी सरळ स्वभावाच्या, म्हणजे जितकं ताणाल तितक्याच प्रमाणात ओढणाऱ्या. अशा रांगेत लहरी एकमेकींना धक्का देतच नाहीत, सरळ आरपार जातात. १९६७ मध्ये रीडर, लेबोविट्झ आणि लीब या शास्त्रज्ञांनी याचं गणित पूर्ण सोडवून दाखवलं. रांग शंभर गोट्यांची असो की लाखाची, वाहणारी उष्णता जवळपास तेवढीच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तापमान हळूहळू उतरतही नाही. मधल्या सगळ्या भागात ते दोन्ही टोकांच्या सरासरीएवढं सपाट राहतं.

म्हणजे इथे फूरिएचा नियम नाही. कारण उघड वाटतं, लहरींना अडवणारं काहीच नाही. मग अडथळे घातले तर? रांगेत थोडी अव्यवस्था आणली तर उष्णता पुन्हा नियमाने वाहायला लागेल, असं कुणालाही वाटेल. पण तसं होत नाही.

अव्यवस्था म्हणजे काय, आणि ती काय करते?

अव्यवस्था म्हणजे मोडतोडच असायला हवी असं नाही. जमिनीतून मिळणारं सिलिकॉन रासायनिकदृष्ट्या कितीही शुद्ध केलं, तरी त्यात तीन वजनांचे अणू असतात. सुमारे ९२.२ टक्के अणू २८ वजनाचे, ४.७ टक्के २९ चे आणि ३.१ टक्के ३० चे. यांना समस्थानिक म्हणतात. रासायनिक वागणूक सारखीच, फक्त वजन वेगळं. गोट्यांच्या भाषेत, रांगेत मधूनमधून जरा जड गोट्या बसलेल्या आहेत आणि कुठे बसल्या आहेत याला काही क्रम नाही.

लहर अशा जड गोटीपाशी आली की तिचा थोडा भाग मागे फिरतो. ठोकळ्यात लहरीला वळसा घालून जायला शेकडो वाटा असतात. रांगेत वाट एकच. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर एखादी मालगाडी मध्येच बंद पडली तर मागच्या गाड्यांना बगल देऊन जाता येत नाही, तसंच.

इथे आणखी एक गोष्ट घडते, जी रेल्वेत घडत नाही. मागे फिरलेल्या लहरी पुन्हा दुसऱ्या जड गोटीवर आदळतात, परत पुढे येतात आणि एकमेकींत मिसळतात. या मिसळण्यात त्या अशा काही जुळतात की लहर रांगेच्या एका भागातच कोंडली जाते, तिथल्या तिथे थरथरत राहते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये इलेक्ट्रॉनच्या संदर्भात हा कोंडमारा दाखवून दिला. अव्यवस्थित पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनवरच्या कामासाठी १९७७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. हे सूत्र कुठल्याही लहरीला लागू पडतं. उष्णतेच्या लहरीही त्याला अपवाद नाहीत.

मग उष्णता पूर्ण का थांबत नाही?

कारण सगळ्या लहरी सारख्या कोंडल्या जात नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर पाहिलं तर लहान तरंग खडकावर आपटून मोडतात. भरतीचं पाणी मात्र त्याच खडकांना न जुमानता आत येतं. अडथळा लहरीच्या लांबीपुढे फारच लहान असला, तर लहरीला तो जाणवतही नाही.

जपानी भौतिकशास्त्रज्ञ मात्सुदा आणि इशी यांनी १९७० मध्ये याचा नेमका हिशेब मांडला. लहर जितकी लांब, तितकी ती कोंडली जाण्याआधी दूरवर जाते, आणि हे अंतर लहरीच्या लांबीच्या वर्गाने वाढतं. लहर दुप्पट लांब असली तर पल्ला चौपट. त्यामुळे कोणत्याही रांगेत काही लहरी अशा उरतात, ज्यांचा पल्ला रांगेच्या लांबीहून जास्त असतो. त्या आरपार जातात.

अशा लहरी किती? ढोबळमानाने अणूंच्या संख्येच्या वर्गमुळाएवढ्या. १०० अणूंच्या रांगेत १०० प्रकारच्या लहरी असतात, त्यातल्या १० च्या आसपास पार होतात. १०,००० अणूंच्या रांगेत १०० च्या आसपास, म्हणजे शेकडा एक. १० लाख अणूंच्या रांगेत हजाराच्या आसपास, म्हणजे हजारात एक. बाकी सगळ्या अडकलेल्या. पदार्थातली बहुतेक थरथर जागच्या जागी अडली आहे आणि उष्णतेचा सगळा भार मूठभर लांब लहरींवर आहे, असं हे चित्र.

रांगेची टोकं इतकी महत्त्वाची का ठरतात?

आता सगळी उष्णता लांब लहरींवर अवलंबून आहे. मग या लहरी गरम टोकाकडून ऊर्जा किती सहज उचलतात आणि थंड टोकाला किती सहज देतात, यावर सगळा खेळ ठरतो. दोरीचं टोक हातात मोकळं असेल तर हात हलवून मोठी लाट सोडता येते. तेच टोक खांबाला घट्ट बांधलेलं असेल, तर बांधलेल्या जागी कितीही जोर लावला तरी मोठी लाट उठत नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या प्रश्नावर दोन गटांनी काम केलं आणि दोघांची उत्तरं वेगळी आली. रुबिन आणि ग्रीअर यांच्या रांगेची टोकं मोकळी होती, तर कॅशर आणि लेबोविट्झ यांच्या रांगेची बांधलेली. पुढे २००१ मध्ये अभिषेक धर यांनी या दोन्ही उत्तरांना एकाच हिशेबात बसवलं आणि टोकांना उष्णता पुरवणारा स्रोत कसा आहे, यावर निकाल बदलतो हे दाखवलं. धर सध्या बेंगळुरूच्या आयसीटीएस या संस्थेत आहेत आणि या विषयातल्या जगभरच्या अग्रगण्य अभ्यासकांत त्यांची गणना होते.

फरक किती, ते एका उदाहरणाने पाहू. समजा एका लांब रांगेतून १०० एकक उष्णता वाहते आहे. टोकांची तापमानं तीच ठेवून रांग दुप्पट लांब केली, तर किती वाहील?

- नेहमीचा पदार्थ, फूरिएचा नियम : ५०
- सगळ्या गोट्या सारख्या असलेली आदर्श रांग : १००
- अव्यवस्थित रांग, टोकं मोकळी : सुमारे ७१
- तीच अव्यवस्थित रांग, टोकं बांधलेली : सुमारे ३५

शेवटच्या दोन ओळींतला पदार्थ एकच आहे. तेच अणू, तीच अव्यवस्था. फक्त टोकं कशी जोडली ते बदललं, आणि एकीकडे उष्णता फूरिएच्या नियमाहून जास्त वाहते, तर दुसरीकडे कमी. अशा रांगेची उष्णतावाहकता किती, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तरच नाही. लांबी किती आणि टोकाला काय जोडलंय, हे आधी सांगावं लागतं.

याहून टोकाची एक स्थितीही आहे. टोकांऐवजी रांगेतला प्रत्येक अणू खालच्या पृष्ठभागाला बांधून टाकला, तर सगळी रांग एकत्र डोलवणाऱ्या लांब लहरीच उरत नाहीत. मग उष्णतेचं शेवटचं वाहनही गेलं. ठरावीक लांबीत उष्णता दहाव्या हिश्शावर आली, तर दुप्पट लांबीत ती शंभराव्या हिश्शावर येते. अशी रांग जवळजवळ पूर्ण उष्णतारोधक बनते.

खरे अणू इतके सरळ वागतात का?

नाही. खऱ्या अणूंमधली 'स्प्रिंग' जरा जास्त ताणली की वेगळी वागते. या किंचित वाकड्या स्वभावामुळे लहरी एकमेकींशी भिडतात, ऊर्जेची देवाणघेवाण करतात. हा स्वभाव रांगेत काय करतो हे पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न लॉस अलामोस इथे १९५० च्या दशकात झाला. फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी मेरी त्सिंगू यांच्या प्रोग्रॅमिंगच्या मदतीने सुरुवातीच्या एका संगणकावर काही डझन कणांची रांग चालवून पाहिली. ऊर्जा सगळ्या लहरींत समान वाटली जाईल ही अपेक्षा होती. तसं न होता ती बरीचशी फिरून मूळ लहरीत परत आली. १९५५ च्या त्यांच्या अहवालाने एका नव्या संशोधनक्षेत्राची सुरुवात केली.

पुढे १९९७ मध्ये लेप्री, लिव्ही आणि पोलिटी या इटालियन शास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवलं की अशा वाकड्या स्प्रिंगच्या रांगेतही वाहकता स्थिर होत नाही, लांबीबरोबर वाढतच जाते. किती वेगाने? २००२ मध्ये ओनुत्तम नारायण आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले श्रीराम रामस्वामी यांनी उत्तर दिलं : लांबीच्या घनमुळाच्या प्रमाणात. लांबी आठपट केली तर वाहकता दुप्पट. वरच्या उदाहरणात सांगायचं तर रांग दुप्पट केल्यावर १०० ची उष्णता ६३ होईल. या घातांकावर बरीच वर्षं वाद झाला. आता बहुतेक सैद्धांतिक काम याच उत्तराकडे झुकतं.

अव्यवस्था आणि वाकडेपणा एकत्र आले की काय होतं, यावर धर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काम केलं. निष्कर्ष असा की वाकडेपणा थोडाही असला तरी कोंडमारा टिकत नाही. अडकलेल्या लहरी एकमेकींना ऊर्जा देत राहतात आणि उष्णता सरकू लागते. म्हणजे नुसत्या अव्यवस्थेच्या जोरावर उष्णता कायमची अडवणं अवघड आहे.

प्रयोगशाळेत यातलं काय दिसलं?

इथे एक सावधगिरी हवी. अणूंची एकच रांग दोन टोकांमध्ये टांगून तिच्यातली उष्णता मोजणं फार कठीण आहे. प्रयोग होतात ते त्याच्या जवळच्या वस्तूंवर, म्हणजे कार्बनच्या नळ्या, प्लास्टिकचे धागे, सिलिकॉनच्या तारा. ५० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन तारेतही आडव्या दिशेने शे-दोनशे अणू असतात. त्यामुळे रांगेचं गणित तिला जसंच्या तसं लावता येत नाही. पण दिशा तीच दिसते.

*कार्बनच्या नळ्या.* एकट्या कार्बन नॅनोट्यूबची उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला ३,००० च्या आसपास मोजली गेली आहे, तांब्याच्या कितीतरी पट. २००८ मध्ये बर्कलीच्या गटाने कार्बन आणि बोरॉन नायट्राइडच्या नळ्यांमध्ये वाहकता लांबीबरोबर वाढत असल्याचं, म्हणजे फूरिएचा नियम मोडत असल्याचं नोंदवलं. २०१७ मध्ये मिलिमीटरभर लांब नळ्यांवरही असाच दावा झाला. त्यावर आक्षेप आले. इतक्या बारीक नळीच्या पृष्ठभागावरून उष्णता हवेत किंवा प्रकाशाच्या रूपात निसटली तर आकडे चुकतात, असं टीकाकारांचं म्हणणं. त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही.

*प्लास्टिकचा धागा.* साधं पॉलिथिन उष्णता अडवतं, कारण त्यातल्या अणूंच्या लांब साखळ्या शेवयांच्या गुंत्यासारख्या असतात. २०१० मध्ये एमआयटीच्या गटाने पॉलिथिन ताणून ताणून नॅनोमीटर जाडीचे धागे काढले. साखळ्या सरळ झाल्या, गुंता सुटला. वाहकता सुमारे १०४ वर गेली. साध्या पॉलिथिनच्या सुमारे ३०० पट आणि लोखंडाहून जास्त. रसायन तेच, फक्त अव्यवस्था कमी केली.

*खडबडीत सिलिकॉन.* उलटा प्रयोग २००८ मध्ये झाला. बर्कलीत सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन तारांचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केला. उष्णतावाहकता ठोकळ्याच्या तुलनेत सुमारे १०० पटीने घसरली. वीज मात्र बऱ्यापैकी वाहत राहिली.

*एकाच वजनाचं सिलिकॉन.* २०२२ मध्ये बर्कलीतच सुमारे ९० नॅनोमीटर जाडीच्या तारा फक्त २८ वजनाच्या अणूंपासून बनवल्या. ठोकळ्यात अशा शुद्धीकरणाने खोलीच्या तापमानाला दहा टक्क्यांच्या आसपासच फायदा होतो. तारेत मात्र वाहकता नैसर्गिक सिलिकॉनच्या तारेहून १५० टक्क्यांनी जास्त, म्हणजे अडीच पट निघाली. सारख्या वजनाच्या अणूंबरोबरच तारेवर आपोआप तयार झालेल्या ऑक्साइडच्या थराने पृष्ठभाग गुळगुळीत केला, हेही त्याचं कारण असल्याचं संशोधकांनी सांगितलं.

आणि अँडरसन यांचा कोंडमारा? २०१८ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइडचे पातळ थर एकावर एक रचले आणि त्यांत नॅनो आकाराचे ठिपके विस्कळीतपणे पेरले. कमी तापमानाला थर वाढवत नेल्यावर वाहकता आधी वाढली आणि मग घटू लागली. उष्णतेच्या लहरी कोंडल्या जात असल्याची ही खूण मानली जाते.

याचा उपयोग काय?

तंत्रज्ञानाला उष्णतेच्या बाबतीत दोन अगदी उलट गोष्टी हव्या असतात. चिपमधून ती झटपट बाहेर काढायची आहे. तिथे अव्यवस्था शत्रू आहे. एकाच समस्थानिकाचं सिलिकॉन, सरळ केलेल्या साखळ्यांचं प्लास्टिक, गुळगुळीत पृष्ठभाग हे सगळे तिला कमी करण्याचे मार्ग. हिऱ्यातही हे १९९० मध्येच दिसलं होतं. निसर्गात सुमारे १.१ टक्का असणारे कार्बन-१३ चे अणू जवळजवळ काढून टाकल्यावर हिऱ्याची वाहकता सुमारे निम्म्याने वाढली. अडचण किमतीची आहे. सारख्याच रसायनाचे अणू फक्त वजनावरून वेगळे करणं हे महागडं काम.

दुसरीकडे, वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज बनवायची आहे. गाडीचा धूर, कारखान्याची भट्टी, खुद्द सर्व्हर, सगळीकडे ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तापमानातल्या फरकावरून थेट वीज बनवणाऱ्या साधनाला असा पदार्थ लागतो, जो वीज जाऊ देतो पण उष्णता अडवतो. नेहमीच्या पदार्थांत हे दोन गुण सहसा जोडीने येतात. खडबडीत सिलिकॉन तारेने ही जोडी फोडली, कारण तिथल्या अडथळ्यांनी उष्णतेच्या लहरींना पकडलं आणि इलेक्ट्रॉनना बरंचसं सोडलं. इथे अव्यवस्था मित्र आहे.

म्हणून अव्यवस्था हा निव्वळ दोष नाही. ती किती, कुठे आणि कोणत्या लांबीच्या लहरींना अडवणारी, हे ठरवता आलं तर ती उष्णतेचा नळ कमी-जास्त करायची कळ ठरते. मात्र लहान अडथळे लहान लहरीच अडवतात. लांब लहरी रोखायच्या तर पदार्थाची मोठ्या मापावरची रचनाही बदलावी लागते.

'तांब्याच्या दहापट' अशा जाहिराती कशा वाचायच्या?

फोन, लॅपटॉप, कूलिंग पॅडच्या जाहिरातींत 'ग्राफीन', 'नॅनो कार्बन' असे शब्द आणि मोठमोठे आकडे दिसतात. वरच्या सगळ्या गणिताचा एक व्यवहारी धडा इथे कामाला येतो. असा आकडा दिसला की तीन प्रश्न विचारावेत.

- आकडा कशाचा? एकट्या नळीचा की नळ्या कालवून बनवलेल्या पट्टीचा? पट्टीत एका नळीतून दुसरीत जाताना प्रत्येक सांध्यावर उष्णता अडते. एकट्या नळीचा आकडा पट्टीला लागू होत नाही.
- ती वस्तू टांगलेली होती की चिकटवलेली? ग्राफीन एकमितीय नाही, पण अनुभव तोच. हवेत टांगलेल्या पापुद्र्यात काही हजारांपर्यंत वाहकता मोजली गेली आहे. २०१० च्या एका प्रयोगात काचेसारख्या सिलिकॉन डायऑक्साइडवर टेकवलेल्या ग्राफीनची वाहकता सुमारे ६०० भरली. फोनमध्ये पट्टी नेहमी कशावर तरी टेकलेलीच असते.
- टोकाला काय आहे? चिप आणि पट्टी यांच्या सांध्यातून उष्णता सहज गेली नाही, तर मधल्या पट्टीची श्रेष्ठता वाया जाते.

अजून काय सुटायचं आहे?

फूरिएचा नियम रोज कोट्यवधी यंत्रांत वापरला जातो. तरीही एक-एक अणूच्या हालचालीपासून सुरुवात करून हा नियम गणिताने काटेकोर सिद्ध करणं, नेहमीच्या घन पदार्थासाठीसुद्धा, कुणाला पूर्णपणे जमलेलं नाही. २००० साली बोनेटो, लेबोविट्झ आणि रे-बेले यांनी या विषयावर लेख लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच हा नियम म्हणजे सिद्धांतकारांपुढचं आव्हान असल्याचं म्हटलं होतं. ते आव्हान कायम आहे.

चिपच्या कारखान्यांना या सिद्धतेची वाट पाहण्याइतका वेळ नाही. सिलिकॉनमध्ये बरीचशी उष्णता वाहून नेणाऱ्या लहरींचा पल्ला खोलीच्या तापमानालाही एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, आणि ट्रान्झिस्टर त्याहून कितीतरी लहान आहेत. म्हणजे नव्या चिपचं आरेखन करणाऱ्याला ठोकळ्यावर मोजलेला वाहकतेचा आकडा पुस्तकातून उचलून चालत नाही. प्रत्येक पट्टीची जाडी, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, दोन पदार्थांमधले सांधे, सगळं धरून उष्णतेचा हिशेब नव्याने करावा लागतो. तो चुकला तर चिप कागदावर कितीही वेगवान असो, हातातल्या फोनमध्ये ती थोड्याच वेळात स्वतःला आवरून घेते.